कानावर न पडलेली भाषा

आपल्या परंपरेत जाणत्या माणसाला 'बहुश्रुत' म्हणतात. ज्याने पुष्कळ ऐकले आहे, तो बहुश्रुत. वेद म्हणजे 'श्रुती'. गुरूची 'शुश्रूषा' म्हणजे मुळात त्याचे बोलणे ऐकण्याची इच्छा. आणि बातमी पसरते तीही 'कर्णोपकर्णी'. विद्या कानांतून आत शिरते, हे आपल्या भाषेने इतके गृहीत धरले आहे की ज्याच्या कानांत जन्मापासून शब्दच शिरत नाही त्यालाही शिकविता येते, ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा आली. त्या उशिराचा आणि त्यानंतरच्या वाटचालीचा थोडा इतिहास येथे मांडावयाचा आहे. विषय वरकरणी वैद्यकाचा वाटेल. पण आमच्या मते तो मुळात भाषेचा आहे, आणि चार भाषांच्या या गावात पिढ्यान् पिढ्या मराठी जपून राहिलेल्या आपल्यासारख्यांना तो परका वाटू नये.

प्रथम शब्दांचेच पाहू. 'मुका' आणि 'बहिरा' हे दोन वेगळे शब्द. त्यांची संस्कृत जोडी करून 'मूकबधिर' हा शब्द घडला आणि तो शाळांच्या पाट्यांवर चढला. या शब्दात एक ढोबळ चूक दडलेली आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांचा घसा, जीभ, स्वरयंत्र हे सारे शाबूत असते. असे मूल रडते, हसते, हाका मारल्यासारखे आवाजही काढते. ते बोलत नाही, कारण बोलणे त्याने कधी ऐकलेलेच नसते. पुढे 'कर्णबधिर' हा शब्द रूढ झाला. बधिर म्हणजेच बहिरा, मग मागे 'कर्ण' कशाला, असे संस्कृतज्ञ विचारतील, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. तथापि त्या अदलाबदलीत 'मूक' गळून पडला, हा लाभ व्याकरणाच्या हानीहून मोठा म्हणावा लागेल. शासकीय कागदांत आता 'दिव्यांग' हा शब्द आला आहे.

राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना समाजाची खरी दृष्टी पाहावयाची तर ती वारसाहक्काच्या नियमांत पाहावी असे वाटते, कारण तेथे कोणी शोभेचे बोलत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलार्जित मालमत्तेत ज्यांना वाटा नाही अशांची यादी आहे. तीत जन्मांध, जन्मबधिर आणि मूक यांचा समावेश आहे. त्यांना अन्नवस्त्र द्यावे असेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे पोसावे, पण वाटेकरी करू नये. ब्रिटिश हिंदुस्थानात हा नियम न्यायालयांतून चालत राहिला आणि १९२८ सालच्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) कायद्याने तो बव्हंशी रद्द झाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने उरलेसुरलेही पुसून टाकले. याचा अर्थ असा की आज नव्वदीत असलेल्या एखाद्या कर्णबधिर गृहस्थाच्या आजोबांना, ते तसेच असते तर, स्वतःच्या वाड्यातील एक खणही कायद्याने मागता आला नसता.

युरोपात याहून निराळे काही नव्हते. तेथे कर्णबधिरांच्या शिक्षणाचा पहिला ठळक प्रयत्न सोळाव्या शतकात स्पेनमध्ये झाला. पेद्रो पोन्से दे लेऑन या धर्मगुरूने एका सरदार घराण्यातील कर्णबधिर मुलांना लिहावयास आणि बोलावयास शिकविले. त्यामागे वारसाहक्काचा प्रश्न होता असे सांगतात. पुढे १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये आबे द लेपे याने दोन बहिणींपासून आरंभ करून गोरगरिबांच्या कर्णबधिर मुलांसाठी शाळा चालविली. मुले आपापसांत ज्या खुणा करीत त्याच खुणांच्या आधारे त्याने त्यांना फ्रेंच शिकविली. १७७८ मध्ये लाइप्झिग येथे सॅम्युएल हाइनिके याने नेमकी उलट वाट धरली. बोलण्यावाचून विचार नाही, म्हणून मुलाला बोलावयासच शिकवावे, अशी त्याची धारणा होती. या दोन पंथांचा वाद पुढे दोन शतके चालला. पॅरिसच्या पंथात शिकलेला लोराँ क्लेर्क हा स्वतः कर्णबधिर असलेला शिक्षक थॉमस गॅलोडेट याच्याबरोबर अमेरिकेस गेला आणि १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे त्यांची शाळा उघडली. कर्णबधिर मनुष्य शिकू शकतो एवढेच नव्हे, तर तो गुरुजीही होऊ शकतो, हे त्या वेळी सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

आणि मग १८८० साली मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शाळांतून खुणांना बंदी करून केवळ मौखिक पद्धतीने, म्हणजे ओठ वाचून व तोंडाने बोलून, शिक्षण द्यावे असा ठराव तेथे १६० विरुद्ध ४ अशा मतांनी संमत झाला. उपस्थित १६४ प्रतिनिधींपैकी कर्णबधिर किती होते? एक. ठरावाचा परिणाम मात्र जगभर झाला. कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि वर्गात हात हलविणे हा अपराध ठरला. हा ठराव चुकीचा होता हे त्याच परंपरेतील परिषदेने २०१० मध्ये व्हॅंकूव्हर येथे अधिकृतपणे मान्य केले. एकशे तीस वर्षांनी! आमच्या अनुभवातील सर्वांत दिरंगाईची फाइलसुद्धा यापुढे चपळ ठरावी.

मिलानच्या या वाऱ्यातच आपल्याकडची पहिली शाळा निघाली. १८८५ मध्ये मुंबईस माझगाव येथे रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांनी कर्णबधिर मुलांसाठी संस्था सुरू केली. १८९३ मध्ये कलकत्त्यास दुसरी शाळा निघाली आणि त्याच दशकात दक्षिणेत पालयमकोट्टै येथे फ्लॉरेन्स स्वेन्सन या मिशनरी बाईंनी तिसरी उघडली. सरकारचा पुढाकार यांपैकी कोठेच नव्हता. धर्मसंस्था, एखादा ध्येयवेडा शिक्षक, एखादा सधन बाप, यांच्या जोरावर या शाळा उभ्या राहिल्या आणि पुढील पन्नास वर्षे महाराष्ट्रातील व अन्य प्रांतांतील शाळाही अशाच निघत गेल्या. युरोपात आणि अमेरिकेत जी शिस्त प्रतिष्ठित, तीच येथे प्रमाण ठरली. वर्गात मौखिक पद्धत आणि वर्गाबाहेर मुलांच्या आपापसांतील खुणा, असा दुहेरी संसार आपल्या बहुतेक शाळांत अगदी अलीकडेपर्यंत चालला.

स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू पालटले. १९६० च्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात वाचा व श्रवणशास्त्राचे शिक्षण सुरू झाले आणि म्हैसूरला त्याच विषयाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि तिला नाव दिले गेले ते आपल्या हैदराबादच्या अली यावर जंग यांचे. वाचकांपैकी ज्येष्ठांना हे नाव सांगावयास नको. उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू, निरनिराळ्या देशांतील भारताचे राजदूत, अलीगढचे कुलगुरू आणि शेवटी महाराष्ट्राचे राज्यपाल. राज्यपालपदावर असतानाच डिसेंबर १९७६ मध्ये ते निवर्तले. हैदराबादी माणसाच्या नावाची संस्था मुंबईत आणि तिचे दक्षिण विभागीय केंद्र पुन्हा आपल्या सिकंदराबादला, मनोविकासनगरात, असा हा फेरा पूर्ण झाला आहे. बोवेनपल्लीकडे जाताना ही पाटी पुष्कळांनी पाहिली असेल. त्याच परिसरात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी १९८४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्थाही आहे. दोन्ही एकत्र असल्यामुळे सामान्य माणसाच्या मनात या दोन गोष्टींची गल्लत होते. ती गल्लत जुनीच आहे. ऐकू न आल्यामुळे मागे पडलेल्या कित्येक हुशार मुलांना आपल्या समाजाने 'मंद' म्हणून बाजूला बसविले. उलट, स्वमग्न किंवा अन्य कारणाने बोलण्यास अडखळणारे मूल 'बहिरे असेल' म्हणून वर्षानुवर्षे नुसत्या कानाच्या औषधांवर राहिले. तपासणीवाचून निदान करण्याची आपली हौस जबर आहे.

मौखिक पद्धतीत अडचण कोठे येते, हे समजण्यासाठी वाचकांनी एक प्रयोग आरशासमोर उभे राहून करून पाहावा. आवाज न काढता 'बाबा' म्हणावे, मग 'मामा' म्हणावे, मग 'पापा' म्हणावे. ओठांची हालचाल तिन्ही वेळा तीच दिसेल. प, फ, ब, भ, म हा सारा ओष्ठ्य वर्ग ओठांवर जवळजवळ एकसारखा दिसतो. त्यांतील भेद आवाजाच्या कंपनात आणि नाकातून जाणाऱ्या हवेत आहे, आणि ती हवा कोणाला दिसत नाही. आता 'काका' म्हणून पाहावे. क आणि ग घशाजवळ उमटतात, त्यामुळे ओठांवर नुसते उघडे तोंड दिसते. म्हणजे वडील आणि मामा यांत फरक नाही आणि काका तर दिसतच नाहीत! मराठी मुलाला पहिल्या वर्षात शिकावयाचे शब्द हेच. ओठ वाचणारा माणूस दिसलेल्या अर्ध्यामुर्ध्या आकारांवरून उरलेले वाक्य अंदाजाने भरून काढतो. तो अंदाज करावयास भाषा आधी अवगत असावी लागते. ज्याला प्रौढपणी बहिरेपण आले त्याला हे साधते. ज्याला भाषाच शिकावयाची आहे, त्याला ओठांवरून ती शिकविणे म्हणजे अर्धी अक्षरे पुसलेल्या पोथीवरून मुळाक्षरे गिरविण्यास सांगणे होय. असे असूनही मौखिक पद्धतीने शिकून उत्तम बोलणारी मुले निघाली. त्यांच्या मागे बहुधा एक आई होती, जिने पाच-सात वर्षे दुसरे काही केले नाही. पद्धतीच्या यशात या आयांचा वाटा किती, याची मोजदाद कोणी केली नाही.

आमच्या लहानपणी सुलतान बाजारच्या मागील गल्लीत एका नातलगांच्या वाड्यात एक बाई होत्या. सगळे त्यांना 'मुकी आत्या' म्हणत. लग्न झाले नव्हते. पुरणपोळी त्यांच्या हातची, वाती त्यांच्या हातच्या, पापडाचे पीठ त्यांनीच तिंबावयाचे. घरातील प्रत्येकासाठी त्यांची एक खूण होती. आजोबांसाठी डोक्याभोवती पगडीचा फेरा, थोरल्या काकांसाठी नाकावर चष्मा, आमच्यासाठी हनुवटीवरील तिळाच्या जागी बोट. त्या खुणांच्या जोरावर वाड्यात त्यांचे सर्व व्यवहार सुरळीत चालत. परंतु उंबरठ्याबाहेर त्या खुणा कोणाला कळत नसत. वाड्याला लागेल तेवढीच भाषा त्यांच्यापाशी होती. काल काय झाले, उद्या काय वाटते, देव आहे की नाही, याविषयी त्यांच्याशी कधी कोणी बोलले असेल असे वाटत नाही. त्या गेल्या तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर त्यांचे खरे नाव आम्ही प्रथम वाचले.

अशा घरगुती खुणा जगातील प्रत्येक कर्णबधिर मुलाच्या घरी तयार होतात. त्या भाषा नव्हेत. पण भाषेचे बी त्यांत असते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या लहानशा देशात याचा विलक्षण पुरावा मिळाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७९ च्या क्रांतीनंतर तेथील राजधानीत कर्णबधिर मुलांना प्रथमच मोठ्या संख्येने एका शाळेत एकत्र आणण्यात आले. शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवीत होते, आणि त्यात फारसे यश येत नव्हते. मात्र खेळाच्या मैदानावर आणि बसमध्ये प्रत्येकाने आपल्या घरून आणलेल्या खुणा एकमेकांत मिसळल्या. मागाहून आलेल्या लहान मुलांनी त्या कच्च्या मिश्रणाला व्याकरण दिले आणि काही वर्षांत एक संपूर्ण नवी भाषा जन्माला आली. १९८६ पासून भाषाशास्त्रज्ञ तिचा अभ्यास करीत आहेत. आपल्या मुकी आत्यांना त्यांच्यासारख्या आणखी चाळीस जणी भेटल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार त्या वृत्तान्तानंतर मनातून जात नाही.

खुणांची भाषा ही खरी भाषा आहे, तिला स्वतःचे व्याकरण आहे, हे १९६० मध्ये विल्यम स्टोकी या इंग्रजीच्या प्राध्यापकाने शास्त्रीय रीतीने दाखविले. भारतात १९८० च्या दशकात मदन वशिष्ठ या स्वतः कर्णबधिर असलेल्या अभ्यासकाने सहकाऱ्यांसह दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर या चार शहरांतील खुणा नोंदविल्या. तोवर आपल्याकडे कोणी त्या मोजण्याच्या योग्यतेच्या मानल्या नव्हत्या.

इतका हा भाषेचा इतिहास सांगितल्यावर 'पण आता शस्त्रक्रियेने ऐकू येते ना?' असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. कॉक्लिअर इम्प्लांट ही खरोखर थोर गोष्ट आहे. कानाच्या आतील शंखाकृती भागात बारीक तारेची मालिका बसवितात; बाहेरचे यंत्र आवाज पकडून त्याचे विद्युत्संदेश करते आणि ते थेट श्रवणाच्या मज्जातंतूला पोहोचतात. ज्यांना साध्या श्रवणयंत्राचा उपयोग होत नाही अशा मुलांसाठी ही योजना आहे. २००७ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने आरोग्यश्री योजना आणली आणि लहान मुलांचे हे इम्प्लांट तीत घेतले. गरिबाच्या मुलाच्या कानासाठी राज्याने लाखो रुपये मोजावेत, ही गोष्ट तेव्हा देशात नवलाची होती, आणि शासनाचे दोष काढण्यात आम्ही मागे नसलो तरी हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. केंद्र सरकारने २०१४ पासून आपल्या साहाय्य योजनेत वर्षाला ५०० मुलांसाठी प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद केली, आणि तिचे काम अली यावर जंग संस्थेकडेच आले.

परंतु यंत्र बसविले म्हणजे मूल बोलू लागले, हा समज पुष्कळ घरांना महाग पडला आहे. यंत्र सुरू होते त्या दिवशी ते मूल ऐकण्याच्या दृष्टीने नवजात असते. आवाज आणि अर्थ यांची जोडी जमविण्यास त्याला पुढे काही वर्षे लागतात. आठवड्यातून दोनदा-तीनदा वाचा-उपचार, रोज घरी सराव, बाहेरच्या यंत्राची बॅटरी, तुटणाऱ्या तारा, हमीची मुदत संपल्यावर येणारा दुरुस्तीचा खर्च, हे सारे त्यात आहे. आदिलाबाद किंवा महबूबनगरच्या खेड्यातून बाळाला घेऊन एस.टी.ने शहरात येणाऱ्या मजूर आईचा रोज बुडतो, तो कोणत्या योजनेत बसवावयाचा? शस्त्रक्रियेला मंजुरी मिळते, कारण तिचे बिल एकदाच येते. पुढच्या पाच वर्षांच्या धीराचे बिल कोणाच्याच टेबलावर येत नाही.

आणि वेळ हा तर मुख्यच मुद्दा. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू भाषा जितक्या सहज घेतो तितक्या सहज पुढे घेत नाही. म्हणून जगभर एक साधा नियम सांगतात: महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार. झोपलेल्या बाळाच्या कानाची चाचणी काही मिनिटांत होते, त्याला दुखतखुपत नाही, आणि आपल्या कोठीच्या सरकारी कान-नाक-घसा रुग्णालयापासून मनोविकासनगरापर्यंत त्यासाठी जागा आहेत. बाळामागे ताट वाजवून 'दचकले, म्हणजे ऐकू येते' असे ठरविण्याची घरगुती पद्धत मात्र सोडून द्यावी. ताटाच्या दणक्याने दचकणाऱ्या मुलालाही बोलण्यातील 'स' आणि 'त' ऐकू येत नसतील. 'मुलगे उशिरा बोलतात, याचा बापही चार वर्षांनी बोलला' हे आजीचे सांत्वन प्रेमाचे असते, पण त्यात दोन वर्षे जातात.

येथे एक नाजूक गोष्टही लिहिली पाहिजे. जन्मजात किंवा बालपणी येणाऱ्या बहिरेपणाची कारणे अनेक आहेत. गरोदरपणातील रुबेला, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, कानाला अपाय करणारी काही इंजेक्शने ही त्यांपैकी काही. मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे, आणि त्यातील बरेचसे दोष आई व वडील दोघांकडून एकच बिघडलेला जनुक आला तरच प्रकट होतात. मामाच्या मुलीशी लग्न आपल्यात पूर्वापार चालत आले. दक्षिणेत राहून आपल्यातील कित्येक घराण्यांनी मामा-भाचीचे लग्नही इथल्या रीतीने स्वीकारले. जमीन घरात राहते, सोयरीक ओळखीची राहते, परप्रांतात मराठी मुलगी कोठे शोधावयाची ही अडचणही त्यामागे होती. हे सर्व समजण्यासारखे आहे. तथापि पिढ्यान् पिढ्या तीच दोन-चार घराणी एकमेकांत सोयरीक करीत राहिली तर असा जनुक दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो, हेही तितकेच खरे. ज्या घरात असे मूल झाले असेल त्या घराने पुढील लग्नापूर्वी आनुवंशिकतेचा सल्ला अवश्य घ्यावा. 'मागच्या जन्मीचे' म्हणून सुनेला बोल लावणे हा मात्र निव्वळ अन्याय आहे.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत कळीचा प्रश्न. हैदराबादच्या मराठी घरातील ऐकू येणारे मूल घरी मराठी, गल्लीत दखनी हिंदी, भाजीवाल्याशी तेलुगू आणि शाळेत इंग्रजी अशा चार भाषा कोणी न शिकविता उचलते. त्या त्याच्या कानावर पडतात. 'कानावर पडणे' हा शब्दप्रयोग किती अर्थपूर्ण आहे हे कर्णबधिर मुलाच्या आईला विचारावे, कारण तिच्या मुलाच्या कानावर काहीच आपोआप पडत नाही; प्रत्येक शब्द हाताने उचलून ठेवावा लागतो. म्हणून पुष्कळ वर्षे तज्ज्ञांचा सल्ला असा असे की अशा मुलाशी एकच भाषा बोला. आणि ती कोणती? अर्थात शाळेची. दहावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना भाषाविषयांत सवलत मिळते ती योग्यच आहे. पण एक भाषा ठेवावयाची म्हटल्यावर आपल्या गावात पहिली गळते ती मराठी.

आमच्या परिचयातील एका घरी असेच झाले. नातवाला दुसऱ्या वर्षी इम्प्लांट झाले, आणि घरात इंग्रजीखेरीज शब्द काढू नये असे सांगण्यात आले. आई-वडील दोघेही नोकरीला. दिवसभर मुलाजवळ असे ती आजी, आणि तिचे शिक्षण मराठी शाळेतले. चुकीचे इंग्रजी बोलून नातवाचे नुकसान होईल या भीतीने ती गप्प राहू लागली. म्हणजे ज्या माणसापाशी वेळ होता, ओव्या होत्या, कहाण्या होत्या, त्याच माणसाची भाषा बंद झाली, आणि ज्यांच्यापाशी इंग्रजी होती ते रात्री आठला घरी येत. वर्षभराने दुसऱ्या एका वाचा-उपचारतज्ज्ञांनी हे ऐकले आणि आजीला बोलण्याची मुभा दिली. मुलाला आधी भाषा हवी, आणि ती जो कोणी भरभरून देऊ शकेल त्याच्याकडून हवी, असे त्यांचे सांगणे. लवकर यंत्र बसविलेल्या मुलांना दोन भाषांमुळे अपाय होतो असे अलीकडच्या अभ्यासांत दिसत नाही. तो मुलगा आता शाळेत इंग्रजी आणि घरी मराठी बोलतो. उच्चार थोडे घोगरे आहेत. 'ळ' अजून नीट येत नाही. तो कित्येक ऐकू येणाऱ्या मुलांनाही येत नाही, ही गोष्ट वेगळी. पण आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना तो चार निरनिराळ्या नावांनी हाक मारतो. इंग्रजीत राहिला असता तर चौघीही 'आंटी' झाल्या असत्या.

या प्रश्नाचे मर्म आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळावे असे आम्हांस वाटते. निजामी अमलात राज्यकारभाराची व शिक्षणाची भाषा उर्दू होती. अशा काळात १९०७ मध्ये येथे विवेकवर्धिनी उभी राहिली, कारण मुलाला घरच्या भाषेत शिकू द्यावे, असे तेव्हाच्या मंडळींना वाटले. दुसरीकडे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने सर्व शास्त्रे उर्दूत शिकविण्याचा घाट घातला. 'देशी भाषेत शास्त्राला शब्द कोठे आहेत?' हा आक्षेप तेव्हाही होता. त्यावर उत्तर म्हणून 'दारुल तर्जुमा' हे भाषांतरखाते उघडून परिभाषा घडविली गेली. त्या उर्दूचा आपल्या लोकांना जाच झाला हे खरे. पण शब्द नसतील तर ते घडविता येतात, हा धडाही त्याच खात्याने दिला.

खुणांच्या भाषेविषयी हाच आक्षेप आपल्याकडे परवापर्यंत घेतला जाई. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. तिचा पहिला शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा निघाला, दुसरा २०१९ मध्ये ६,००० चा, तिसरा २०२१ मध्ये १०,००० चा. त्यांत कायद्याचे, वैद्यकाचे, शाळेतल्या विषयांचे शब्द आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये 'एनसीईआरटी'ची पाठ्यपुस्तके या भाषेत आणण्याचा करार झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा उल्लेख केला आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती देशभर प्रमाणित करण्याचे ठरविले. मिलानच्या वादात आता 'हे की ते' असा हट्ट उरलेला नाही; यंत्र, वाचा-उपचार आणि खुणा यांपैकी ज्या मुलाला जे लागू पडेल ते, आणि शक्य तर दोन्ही. ज्या मुलाचे निदान पाचव्या-सहाव्या वर्षी झाले, त्याला तर खुणांवाचून दुसरा जवळचा मार्ग नाही. अडचण आहे ती शिकविणाऱ्यांची आणि दुभाष्यांची. शब्दकोश निघाला म्हणून वर्गात तो वापरणारा शिक्षक आपोआप तयार होत नाही.

या भाषेची एक गंमत आपल्या कामाची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि आपण इकडे राहिलो. एकाच आजोबांची नातवंडे नांदेडला मराठी शाळेत आणि हैदराबादला तेलुगू-इंग्रजीत शिकू लागली. आता चुलत भावंडे भेटली की कोणत्या भाषेत बोलावे याचा क्षणभर विचार करतात. भारतीय सांकेतिक भाषेत स्थानिक फरक पुष्कळ आहेत, पण ती बहुतांशी देशभर एक आहे. ती शिकलेले नांदेडचे कर्णबधिर मूल आणि हैदराबादचे कर्णबधिर मूल लग्नाच्या मांडवात भेटले, तर त्यांचे हात लगेच चालू लागतात. दुभाषी शोधावा लागतो तो आपल्याला.